जोडून देते

दुपारी आईकडे धुतलेल्या चादरी पोचवायच्या, एवढंच काम होतं. थोरलीने किल्लीने दार उघडलं आणि आतून आईचा आवाज आला, "थांबा हं, सांगते."

घरात आईशिवाय कुणी नव्हतं. पडदे ओढलेले, बामाचा आणि कोंदट कपड्यांचा वास. आई पलंगावर बसून समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होती. कोरडी जीभ टाळूला चिकटून सुटायची, त्याचा टक् टक् आवाज तेवढा मधूनमधून येत होता.

"कोणाशी बोलतेस?"

"ही बाई गं. गोळी घेतली की येते. एकेक विचारते. मी सांगते... आणि मग ते माझ्याकडे राहतच नाही."

थोरलीने चादरी पलंगावर ठेवल्या आणि ती खुर्ची भिंतीकडे फिरवली.

आई टेलिफोन ऑपरेटर होती. अख्ख्या शहराचे नंबर तिला तोंडपाठ. विचारणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. आता तिला धाकट्या लेकीचं नाव आठवत नव्हतं, नवरा गेल्याचं आठवत नव्हतं. उरली होती फक्त थोरली. तेवढी तरी राहू दे, म्हणून ती रोज आल्या आल्या विचारायची, "मी कोण?"

डॉक्टरांनी हात झटकले होते. "वय झालं. चालायचंच."

चालायचंच! आई विसरली तर यांच्या बापाचं काय जात होतं! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने गोळ्यांची पिशवी उचलली आणि म्हाताऱ्या माणसांना तपासणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर उलटी केली. लघवी आवरायची गोळी, खाजेची गोळी, झोपेची गोळी. प्रत्येक डॉक्टरने आपापली लिहून दिलेली, आणि पुन्हा म्हणून कुणी वळून पाहिलं नव्हतं.

"सगळ्यांचा परिणाम एकच," बाई म्हणाल्या. "मेंदूतले निरोप अडतात. तोंड कोरडं पडतं, भास होतात. वर्षानुवर्षं घेतल्या तर म्हातारपणी स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढलेला दिसतो. माझ्या देखरेखीखाली हळूहळू कमी करू. गेलेलं किती परत येईल, ते मात्र सांगता येणार नाही."

"म्हणजे माझ्या आईला या लोकांनी..." गोळ्या पिशवीत भरून ती बाहेर पडली. रस्त्यात उभी राहून ती रडली, आणि रडता रडता त्या सगळ्या डॉक्टरांचा उद्धार केला.

गोळ्या सुटत गेल्या तशी आई उजळत गेली. एका दुपारी तिने स्वतःच पडदे सारले. थोरलीकडे बघून म्हणाली, "किती वाळलीस गं!" थोरलीने तिला मिठीच मारली.

"ती बाई गेली?"

"गेली. जाताना तुझं नाव मागत होती. आयुष्यात पहिल्यांदा विचारणाऱ्याला नाही म्हटलं मी." आई अडखळली. "मग म्हणाली, निदान दुसरीकडे तरी जोडून द्या... तेवढं दिलं."

"कुठे?"

आईने मान खाली घातली. "तुझ्या घरचाच नंबर काय तो पाठ राहिला होता."

थोरलीने घरी फोन लावला. नवऱ्याने उचलला.

"अहो, मी बोलतेय. बरे आहात ना?"

"बरा आहे की. खाजेने जीव नकोसा झाला होता, म्हणून आठवडाभर डॉक्टरांची गोळी घेतोय. जरा पडलो होतो."

"कुठली गोळी? मला न विचारता? आता घेऊ नका ती! ऐकताय ना...?"

पलीकडून कोरडी जीभ टाळूवरून सुटल्याचा टक् टक् आवाज आला.

"आपण कोण बोलताय?" नवरा अदबीने म्हणाला. "एक मिनिट... इथे एक बाई बसल्यात, त्यांना विचारून सांगतो."