कोरड्या ट्रॅकचे टायर

डॉक्टर दुकानात आला तो फक्त हवा भरून घ्यायला, आणि गेला तो चारही टायरांची नालस्ती ऐकून.

भर दुपारची वेळ. त्याची लाल, दोन दारांची, बरीच जुनी गाडी दुकानासमोर उभी राहिली आणि ठिणगी हवेची नळी घेऊन बाहेर आली. दुकान तिच्या वडिलांचं, पण टायरचं सगळं तीच बघायची. तिचा राग पटकन पेटतो म्हणून बाबा तिला लहानपणापासून ठिणगी म्हणत; आता सगळी गल्ली म्हणायची. ती उकिडवी बसली आणि हवा भरायचं सोडून टायरच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली.

"काही झालंय का?" त्याने विचारलं.

"भेगा पडल्यात. हे आकडे बघा, बनवल्याची तारीख. सात वर्षांचे झालेत हे. वरून बरे दिसतात, आतून संपलेत."

"माझ्या पेशंटना मीही असंच सांगतो. दातांचा डॉक्टर आहे मी."

"मग तुम्हाला वेगळं काय सांगू? काढावे लागतील."

"दुखेल?"

तिने वर पाहिलं. त्याचा चेहरा गंभीर होता, पण डोळे… डोळ्यांत मिश्कीलपणा मावत नव्हता. ती मान खाली घालून नळी गुंडाळू लागली. नळी गुंडाळलेलीच होती.

महिनाभराने त्याला गाडी ट्रॅकवर न्यायची होती. शहराबाहेरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर अधूनमधून एक मोकळा दिवस असायचा. शर्यत नाही, बक्षीस नाही. ज्याला आपली गाडी एकदा मनासारखी पळवून पाहायची असेल, त्याने यावं. डॉक्टरची ही पहिलीच खेप होती आणि त्यासाठी कुठले टायर घ्यावेत, हे त्याला उमगत नव्हतं.

"घाई नको," ती म्हणाली. "नीट बघून ठरवू."

मग बघणं सुरू झालं. तो दिवसाआड यायचा. दवाखाना बंद झाला की संध्याकाळी, कधी दुपारच्या सुट्टीत. ती एकेक टायर रॅकवरून उतरवायची, त्याला रबरावर बोट दाबायला लावायची. हे मऊ, लवकर चिकटतं पण लवकर झिजतं. हे कडक. या खाचा खोल आहेत, पाणी बाहेर फेकतात. एकदा तिने त्याचं बोट धरून खाचेत घातलं आणि खोली दाखवली. खोली दाखवून झाली… बोट मात्र सोडायचं राहून गेलं.

"किती मिलिमीटर म्हणालात?" त्याने हळूच विचारलं.

"सात," ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

"या डॉक्टरांच्या गाडीत हवा टिकत नाही की काय?" बाबा गल्ल्यावरून वर्तमानपत्राआडून म्हणाले. "रोज येतात."

सगळं छान चाललं होतं. पण एक दिवस त्याच्या बोलण्यात कॅप्टन आली.

कॅप्टन ट्रॅकवर गाडी चालवायला शिकवायची. पूर्वी शर्यती जिंकलेली, म्हणून सगळे तिला त्याच नावाने हाक मारत. तिनेच डॉक्टरला बोलावलं होतं. कॅप्टन म्हणते, वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. कॅप्टन म्हणते, नजर लांब ठेव. चौथ्यांदा 'कॅप्टन म्हणते' झालं तेव्हा ठिणगीने हातातला पाना जरा जोरातच ठेवला.

"तुमच्या ओळखीच्या आहेत वाटतं?"

"आमचं लग्न ठरलं होतं," तो सहज म्हणाला. "तीन वर्षं झाली. मोडलं. पण चांगल्या पद्धतीने मोडलं, आजही बोलतो आम्ही."

चांगल्या पद्धतीने काय मोडतं, हे ठिणगीला कळेना. तिच्या हातून कपबशीसुद्धा कधी चांगल्या पद्धतीने मोडली नव्हती. त्या रात्री जेवताना तिने भात नुसता चिवडला. बाबांनी विचारलं तर म्हणाली, पोटात दुखतंय. खोटं नव्हतं ते. दुखतच होतं, फक्त औषधाने थांबणारं नव्हतं.

आणि मग डॉक्टरबरोबर कॅप्टन स्वतःच दुकानात आली. उंच, केस आखूड कापलेले, चालण्यात एक आरामशीर खात्री. ठिणगीने मनातल्या मनात तिच्यात खोट शोधायचा बराच प्रयत्न केला. एकही सापडली नाही, त्यामुळे आणखीच जळफळाट झाला. कॅप्टनने रॅकवर नजर फिरवली आणि जवळजवळ गुळगुळीत, अगदी उथळ खाचांच्या टायरवर हात ठेवला.

"हे घे. कोरड्या ट्रॅकवर यांना तोड नाही. बघ मग गाडी कशी चिकटते ते." आणि बोलता बोलता तिने डॉक्टरच्या शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ केली. जुन्या सवयीचा हात होता तो. त्याने मानही हलवली नाही.

डॉक्टर ठिणगीकडे वळला. "तुम्ही काय म्हणता?"

तिला खूप काही म्हणायचं होतं. हवा ढगाळ आहे. ट्रॅक ओला असेल तर हे टायर साबणावरून घसरावं तसे घसरतात. ज्याला अनुभव आहे त्याला ते सावरता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला नाही. गेले तीन आठवडे ती त्याच्यासाठी खोल खाचांचे साधे, भरवशाचे टायर मनात धरून बसली होती. पण डोळ्यांसमोरून ती कॉलर हलत नव्हती.

"त्यांना जास्त कळतं," ती म्हणाली.

"मी तुम्हाला विचारतोय."

"हेच घ्या."

तिने स्वतः बसवले. चाकांचा तोल इतका अचूक साधला की यंत्राच्या काट्याने शून्य सोडलं नाही. पण त्याने निघताना 'ट्रॅकवर या ना तुम्हीही' म्हटलं तेव्हा तिने त्याच्याकडे न बघता 'दुकान आहे' एवढंच सांगितलं.

ट्रॅकच्या दिवशी पहाटे पावसाच्या आवाजाने तिला जाग आली. ती बाहेर आली तर बाबा आधीच चहाचा कप घेऊन दारात उभे होते.

"त्या गुळगुळीत टायरांवर पाठवलंस ना त्याला?"

ती पायात चपला सरकवू लागली.

"गिऱ्हाईक आवडो न आवडो, ठिणगे, माल खरा द्यायचा. आपलं दुकान त्यावर उभं आहे."

"आवडत नाही असं कुठे म्हटलंय मी…"

बाबांनी चहाचा घोट घेतला आणि टेम्पोची किल्ली तिच्यासमोर धरली.

वाटेत तिने चारदा त्याला फोन लावून पाहिला. चारही वेळा तो बंद होता. निघण्यापूर्वी तिने त्या मापाच्या चार जुन्या रिमांवर खोल खाचांचे टायर चढवून टेम्पोत टाकले होते. ती पोचली तेव्हा पाऊस थांबला होता, पण ट्रॅक काळाभोर चमकत होता. कुंपणाशी येऊन तिने पाहिलं तर लाल गाडी वळणात शिरत होती. आधी मागच्या चाकांची पकड सुटली. मग गाडी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरली, एकदा, दोनदा, आणि गवतातून घसरत भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली.

ठिणगीला पुढचं आठवत नाही. कुंपण कसं ओलांडलं, कोण ओरडलं, काही नाही. ती पोचली तेव्हा डॉक्टर दाराला टेकून उभा होता. धडधाकट होता, फक्त चेहरा पांढराफटक पडला होता. कॅप्टन त्याच्यावर चिडली होती.

"ट्रॅक सुकेपर्यंत थांब म्हटलं होतं ना तुला?"

"टायर यांनी बसवलेत," तो ठिणगीकडे बघत म्हणाला. "मला वाटलं, यांनी दिले म्हणजे चालतील."

यापेक्षा त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पावसात हे चालत नाहीत, मला माहीत होतं. तरी दिले."

गाडी ओढून आडोशाला आणली. तिने जॅक लावला आणि एकटीने चाकं बदलायला घेतली. नट पुन्हा पुन्हा हातातून निसटत होते. तिसऱ्या चाकाला तो शेजारी येऊन बसला आणि नट हातात धरू लागला. कितीतरी वेळाने त्याने विचारलं, "का?"

"त्यांनी तुमची कॉलर सरळ केली."

तो तिच्याकडे बघतच राहिला. राग होता त्या बघण्यात, अजून होता.

"मी भिंतीवर आदळलो असतो."

"हो."

"एका कॉलरसाठी?"

"माफी मागायला शब्द नाहीत माझ्याकडे. दुसरे टायर आणलेत, तेवढेच." तिने नट घट्ट केला. "आणि कॉलरसाठी नाही. तुमच्यासाठी… मी जळत होते. झालं समाधान?"

कॅप्टन थोडी दूर उभी होती, पण तिने ऐकलं होतं. "माझ्या गाडीसाठी भर पावसात कोणी चाकं घेऊन आलं नाही कधी," ती म्हणाली. आवाजात थट्टा होती, आणि थट्टेखाली दुसरंही काहीतरी. मग ती दुसऱ्या शिकाऊंकडे निघून गेली.

डॉक्टर तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे क्षणभर बघत होता. "खरं सांगू? मी आधी तिला दाखवायलाच येणार होतो. बघ, मी पण चालवू शकतो. पहिले आठ दिवस हेच होतं डोक्यात."

"आणि नंतर?"

"नंतर कोणाला दाखवायचं, ते बदललं. ती मात्र 'दुकान आहे' म्हणाली."

ठिणगीचा पाना हातातच राहिला.

बारा वाजेपर्यंत ऊन पडलं आणि ट्रॅक सुकत आला. शेजारी एक माणूस बसवायची परवानगी होती. त्याने दुसरं हेल्मेट तिच्यापुढे धरलं. तिने ते घातलं.

पहिल्याच वळणात टायर किंचाळले. तो दचकला.

"किंचाळू देत," ती ओरडून म्हणाली. "पकड सुटण्याआधी सांगतात हे. वेग थोडा कमी करा, बास."

"तूही आधी सांगितलं असतंस तर?"

तिने ते 'तू' ऐकलं. हेल्मेटमधूनही स्वच्छ ऐकलं.

"आता सांगते."

"सांग मग."

"वळण येतंय, समोर बघ आधी."

त्याने समोर बघितलं, आधी ब्रेक दाबला, मग वळला, आणि गाडी अगदी शहाण्यासारखी वळणातून बाहेर आली. पुढे ट्रॅक सरळ होता. फार लांब नव्हता, पण तिला जे सांगायचं होतं त्याला पुरून उरला.