न विरघळणारी गोळी

"हौदातले मोठे मासे कुणीतरी नेले आणि त्यांच्या जागी पिल्लं सोडली," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि हे करणारा माणूस आमच्या घरातलाच आहे."

समोर टाचणीबाई बसल्या होत्या. खासगी तपासाचा धंदा करणाऱ्या या बाईंचं खरं नाव आता फारसं कुणाला आठवत नसे. लहानपणी प्रश्न विचारून विचारून घरादाराला टोचायची, म्हणून थोरल्या भावाने ठेवलेलं नाव कायमचं चिकटलं. तो भाऊ, म्हणजे दादा, निवृत्त झाल्यापासून प्रत्येक तपासाला त्यांच्याबरोबर येत. दादांना रहस्यांची फार हौस नव्हती. घराबाहेर पडायला मिळालं आणि वेळेवर चहा आला की त्यांच्यापुरता तपास पूर्ण होई.

मालकीणबाईंनी सकाळची हकिगत सांगितली. व्यापारी आला, जाळं टाकलं, मासे पाहिले आणि हसून निघून गेला. एवढे महिने पोटभर चारा घातलेले मासे बोटभराचे. आणि मागच्या अंगणात सासऱ्यांच्या टबात त्याच जातीचे चांगले हातभर मासे.

"मी मामंजींना सगळ्यांसमोर विचारलं, हे कुठून आले. ते एक शब्द बोलले नाहीत. पिशवी भरली. संध्याकाळच्या बसने लेकीकडे चाललेत. त्यांनी मला कधी सून म्हणून वागवलं नाही हो, लेकच मानलं. ते चोर निघाले तर मी कुणावर विश्वास ठेवू? आणि नसले तर मी काय करून बसले?"

"बस सुटायच्या आत सांगते," टाचणीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मालकीणबाईंचा नवरा आणि धाकटा दीर चहा घेऊन आले. बायकोच्या चेहऱ्याकडे बघत नवऱ्याने कप ठेवले, वहिनीच्या चेहऱ्याकडे बघत दिराने बिस्किटं ठेवली, आणि दोघेही आल्या पावली परत गेले. मालकीणबाईंनी कपाला हात लावला नाही. टाचणीबाईंनी एक घोट घेतला आणि कप दादांकडे सरकवला.

"गोडमिट्ट आहे," त्या पुटपुटल्या.

"चहा असाच हवा," दादा म्हणाले आणि दोन्ही कप संपवले.

टेबलावर वाडग्यात माशांच्या चाऱ्याच्या गोळ्या होत्या. टाचणीबाईंनी त्यातली एक उचलून पाण्याच्या ग्लासात टाकली आणि उठल्या.

हौदांतलं पाणी इतकं नितळ होतं की तळाची फरशी दिसत होती. मालकीणबाईंनी मूठभर गोळ्या टाकल्या. मासे आले, पण जेवून उठलेला माणूस आग्रहाखातर पुन्हा पानावर बसावा तसे, सावकाश.

"पाणी छान ठेवलंय," दादा म्हणाले.

"मागच्या मोसमात बघायला हवं होतंत. गोळी पाण्यात पडली की विरघळायची. पाणी गढूळ, मासे अर्धपोटी. मग मी दोघा भावांना एकेकटं गाठून असं खडसावलं, की तेव्हापासून हे असं आहे." एवढ्या दुःखातही त्यांना आपल्या खडसावण्याचा अभिमान वाटला.

दादा हौदावर वाकले. "अरे, या पठ्ठ्याची शेपटी बघा, डावीकडे वळलेली."

"तो वाकडशेपट्या. पिल्लं सोडली तेव्हापासून आहे. मी ओळखते त्याला."

"तोही बोटभराचाच?" टाचणीबाईंनी विचारलं.

"तोही."

टाचणीबाई हसल्या आणि यंत्राच्या खोलीकडे वळल्या.

दीर तिथे घाम पुसत उभा होता. "दळलेला चारा या पिंपात येतो," त्याने दाखवलं. "मशिनच्या तोंडाशी मी त्यात डिंकाची पूड घालतो. त्याशिवाय गोळी धरत नाही. मग कोमट पाणी, आणि खालून गोळ्या बाहेर."

"डिंक किती घालता?"

"लागतो तेवढा." तो जरा थांबला. "पूर्वीपेक्षा थोडा जास्त. वहिनींनी झाडलं होतं ना. पण मशिन मेलं हल्ली फार कण्हतं. चारा आत चिकटून बसतो."

"हे वहिनींना सांगितलंत?"

"त्यांना?" दिराने असं पाहिलं, जणू वाघाच्या तोंडात हात घालून दात मोजायला सांगितलंय.

शेजारच्या पडवीत नवरा मशिनसाठी पाणी गरम करत होता. माणूस इतका अबोल, की उत्तरं ओढून काढावी लागत होती.

"मी पाण्याचं बघतो."

"एवढंच?"

"एवढंच." आणि त्याने नजर चुकवली.

दादांनी बिस्किटाचे हात तिथल्या बादलीत बुडवले आणि चटकन बाहेर काढले. बोटांवरून तार लोंबत होती. "हे कसलं बुळबुळीत पाणी?"

"बादली जुनी आहे," नवरा म्हणाला.

दादांनी हात रुमालाला पुसला. रुमाल बोटांना चिकटला. टाचणीबाईंनी तो सोडवायला मदत केली आणि बोटांचा वासही घेतला.

सासरे मागच्या अंगणात पिशवीवर हात ठेवून बसले होते. पिशवीच्या तोंडाशी पंच्यात गुंडाळलेला कप डोकावत होता. दादांनी चहाचा विषय काढला तसे ते म्हणाले, "मी माझ्याच कपातून पितो. आणि तो आता बांधला."

"टबातले मासे कुठले?" टाचणीबाईंनी विचारलं.

"हौदात पिल्लं सोडली त्या दिवशी चार उचलून आणली. म्हातारपणी सोबत."

"सुनेला हे का नाही सांगितलंत?"

"जिने विचारायच्या आधीच ठरवलं, तिला काय सांगायचं?"

"यांना खायला काय घालता?"

"पिंपातलं मूठभर दळण, पाण्यात मळून. मळलं की लगेच. ती मशिनची गोळी मी एकदा चावून पाहिली, कवळी हलली माझी. जे मला फुटत नाही ते माशाला कसं घालू?"

टाचणीबाई त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिल्या. मग त्यांनी मालकीणबाईंना बोलावून हौदातला एक मासा चिरायला सांगितला. मालकीणबाईंनी स्वतःच सुरी चालवली. चरबीचा मागमूस नव्हता, पण पोट टम्म भरलेलं होतं.

"हा आत्ताचा चारा?"

"छे, हा आत्ता आलाच नव्हता खायला. सकाळचा असेल."

"सकाळचा, आणि अजून तसाच," टाचणीबाई म्हणाल्या. "सगळ्यांना आत बोलवा. पिशवीसकट."

सगळे जमले. सासरे दाराशी उभेच राहिले.

"चोरी झालेलीच नाही," टाचणीबाईंनी सुरुवात केली. "चोराने मासे बदलले असते, तर वाकडशेपट्या एक तर गेला असता, नाहीतर चुकून राहिलेला एकटाच मोठा दिसला असता. तो पहिल्यापासूनचा आहे आणि तरीही बोटभराचा. म्हणजे हौदात तेच मासे आहेत. ते वाढलेच नाहीत."

"पण ते पोटभर खातात," मालकीणबाई म्हणाल्या.

"पोट भरतं, अंगी लागत नाही. हा ग्लास बघा." आल्या आल्या टाकलेली गोळी तळाशी जशीच्या तशी होती. त्यांनी चमच्याने दाबली, तरी ती फुटेना. "डिंक हवाच. नसला तर चारा पाण्यात विरतो, पाणी नासतं, मासा उपाशी राहतो. पण डिंक फार झाला तर माशाच्या पोटात चिकट लगदा होतो. तो पचत नाही, पुढेही सरकत नाही, आणि पोट भरलेलं म्हणून मासा नवं खात नाही. मामंजींचे मासे तेच दळण खातात, फक्त डिंकावाचून, आणि पाण्यात विरायच्या आत. म्हणून ते हातभर झाले."

"मी थोडाच वाढवला हो," दीर काकुळतीला आला. "तेवढ्याने असं होईल?"

"तुमच्या एकट्याच्या डिंकाने झालं नसतं." टाचणीबाई एकदम थांबल्या. "मघाचा चहा कुणी केला?"

"मी," नवरा म्हणाला. "साखर घालून उकळत ठेवला."

"साखर?" दीर चकित झाला. "अरे, साखर तर मी घातली. तू विसरलास आणि वहिनी चिडल्या तर, म्हणून."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. मग नवऱ्याची मान हळूहळू खाली गेली.

"बादलीत डिंक मी कालवतो," तो म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं अजून यायचं होतं. "हिने मला बजावलं होतं, परत गोळी विरघळली तर याद राखा. धाकट्याला विचारलं असतं तर त्याला वाटलं असतं, भावाचाही माझ्यावर भरवसा नाही. म्हणून गुपचूप घालत होतो."

"आणि मला वाटायचं, गोळी धरते ती माझ्याच डिंकाने," दीर म्हणाला.

दादांनी आपल्या बोटांकडे नव्या आदराने पाहिलं. "म्हणजे बादलीचा शोध मी लावला."

"लावलास, दादा. हात बुडवून," टाचणीबाई म्हणाल्या.

मालकीणबाई कुणाकडेच बघत नव्हत्या. दोघांनाही एकेकटं गाठून खडसावणारी कोण, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या उठल्या आणि दाराशी गेल्या.

"मामंजी, चुकले मी. मासे न वाढल्याचं मला एवढं लागलं नसतं. पण मी तुम्हाला सगळ्यांसमोर चोर ठरवलं."

बाहेर रस्त्यावर बसचा भोंगा वाजला. म्हातारबुवांनी मान वळवून ऐकलं, पण पिशवी उचलली नाही.

"डिंक कमी केला तर मासे वाढतील?" मालकीणबाईंनी डोळे पुसत टाचणीबाईंना विचारलं.

"एकाच हाताने, मोजून घाला. आणि तो हात कुणाचा, ते सगळ्यांना माहीत असू द्या."

मग साहजिकच चहाची आज्ञा झाली. दोघे भाऊ आत गेले आणि जरा वेळाने कप घेऊन आले. मालकीणबाईंनी घोट घेतला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने भावाकडे पाहिलं.

"मला वाटलं, तू घालशील," दीर म्हणाला.

बस दूर निघून गेल्याचा आवाज आला. सासरे सावकाश खाली बसले आणि पिशवीची गाठ सोडू लागले. पंचा उलगडून त्यांनी आपला कप काढला आणि सुनेपुढे धरला.

"ओत," ते म्हणाले. "आणि साखरेचा डबा माझ्याकडे दे."