‘रन’चा रिकामा खण

खण ओढला आणि भाचीच्या तोंडचं पाणी पळालं. आत एकही कार्ड नव्हतं.

अर्ध्या तासात मामा शब्दकोशाच्या कचेरीत हजर झाले. पोलिसातून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण फोनवरचा तिचा आवाज ऐकून त्यांनी चहा अर्धाच सोडला होता.

"नेमकं काय गेलंय?"

"‘रन’. इंग्रजीतला एवढासा शब्द, मामा! घोडा धावतो तो रन, नाक वाहतं तो रन, यंत्र चालतं, मोज्याची वीण उसवते, तोही रनच. अर्थागणिक कार्ड. सहाशे बारा कार्डं, अकरा वर्षं खपले त्यांच्यापायी."

"नाही सापडली तर?"

"चार वाजता पानं छापखान्यात जाणार. मग जुन्या आवृत्तीतली नोंद जशीच्या तशी छापतील. माझं नावनिशाण राहणार नाही."

मामांनी शेजारचा खण उघडला. कित्येक कार्डांना चिठ्ठ्या टाचलेल्या.

"ह्या कसल्या?"

"दुरुस्त्या. दुसऱ्याच्या कार्डावर लिहायचं नाही, हा इथला दंडक. चूक दिसली की चिठ्ठी टाचायची, तारीख घालायची. कार्डावर थेट लिहितात ते फक्त सर."

खणाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. ती, सहसंपादक आणि सर, म्हणजे प्रमुख संपादक. पहिलं कार्ड तिला सरांनीच हात धरून लिहायला शिकवलं होतं.

सहसंपादक आधीच फणफणत होता. "काल शेवटी मीच निघालो, साडेसहाला. हिचं-माझं पटत नाही हे जगजाहीर आहे. घाला बेड्या!"

"मधे बाहेर गेला होतात?"

"सहाला चहाला. वीसेक मिनिटं."

सर मात्र शांत होते. "मी दुपारीच घरी गेलो, गुडघे धरले होते. रडू नकोस पोरी. जुनी नोंद आहे ना? पस्तीस वर्षं लोकांचं भागलंच की."

"ती कुणी लिहिली होती?" मामांनी सहज विचारलं.

"मीच."

मामांनी खण पुरता बाहेर काढला आणि फटीत हात घातला. एक कार्ड अडकलं होतं. ‘कपड्याचा रंग फिका होणे’ हे पेन्सिलीने खोडून वर घाईत लिहिलं होतं: ‘ओल्या कपड्याचा रंग शेजारच्या कपड्याला लागणे’. कोपऱ्यात कालची तारीख होती.

"पाचला मी खण लावला तेव्हा ही खाडाखोड नव्हती!" भाची ओरडली.

मामांनी दोघांना टेबलाशी बोलावलं.

"कार्डं पाचनंतर गेली आणि नेणाऱ्याने ती नेण्याआधी वाचली. वाचताना चूक दिसली आणि हाताला राहवलं नाही. दुरुस्ती केली, वर शिस्तीत तारीखही घातली. चोरी करतानासुद्धा! असलं वेड ह्या कचेरीबाहेरच्या माणसाला नसतं."

"म्हणजे मीच ना?" सहसंपादक उसळला.

"तुम्ही चिठ्ठी टाचली असती. कार्डाला टाचणीचं भोक नाही." मामा वळले. "सर, चहाच्या वीस मिनिटांत तुमचे गुडघे बरे झाले होते वाटतं?"

सरांनी चष्मा काढला.

"कार्डं कुठे आहेत?" भाचीने विचारलं.

"सकाळीच जाळली."

"सर!"

"माझ्या नोंदीत पंधरा चुका आहेत. तुझी छापली असती तर पोरासोरांनी मोजल्या असत्या. मीच शिकवलेल्या पोरीने माझं हसं करावं?"

तिला हुंदका आवरेना. वडिलांच्या जागी मानलेला माणूस! मग डोळे पुसून तिने ते एकुलतं कार्ड पुन्हा वाचलं.

"दुरुस्ती बरोबर आहे, सर. हे माझं चुकलंच होतं."

सहसंपादकाने फोन उचलला. "छापखान्याला थांबायला सांगू का? खरं काय ते सांगतो मी त्यांना."

"नको," ती म्हणाली. "जुनी नोंदच छापायला जाऊ दे. पंधरा चुकांसकट आणि खाली सरांचं नाव घालून."

मग तिने एक कोरं कार्ड ओढलं, त्यावर एकचा आकडा घातला आणि सरांकडे पाठ करून बसली.