कळसच्या विहिरीतली मासोळी

"पोस्टमनबाबा, मुंबईचं काय हाय का?"

सासूबाईंचा हा आवाज ऐकून कितीतरी वर्षं लोटली. पण भर दुपारी गल्लीत सायकलची घंटा वाजली की तो अजून कानाशी येतो. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. त्या दारात उभ्या, पदर कपाळापर्यंत, एक हात चौकटीवर. पोस्टमन मान हलवायचा. "उद्या येईल, प्रयागबाई." त्या म्हणायच्या, "येईल की. मुंबई काय हितं हाय व्हय?" आणि आत येऊन माशांच्या पेटीपुढे बसायच्या.

ही सत्तावन सालची गोष्ट. आम्ही बारामतीत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होतो. माझे यजमान सोपानराव हिवताप खात्यात होते. विहिरींत, हौदांत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडत तालुकाभर फिरायचं, हे त्यांचं काम. त्यातले थोडे मासे घरी वाढवायचे म्हणून त्यांनी राजमहंमदकडून एक काचेची पेटी करून घेतली होती. राजमहंमदचं तसबिरी मढवायचं दुकान होतं. लोखंडी पट्ट्या, चारी बाजूंना जाड काच, सांध्यांना पाणी गळू नये म्हणून लुकण. पेटी घरी आणून ठेवली तेव्हा तो म्हणाला होता, "वहिनी, देवांना फ्रेम केली, पुढाऱ्यांना केली. पाण्याला फ्रेम पहिल्यांदाच करतोय बघा."

पेटीत गप्पी मासे होते आणि एक मासा वेगळा होता. बोटाएवढा, काळपट, पाठीवर पिवळी रेघ. तो आमच्या कळसच्या विहिरीतला. त्याला वेगळं नाव नव्हतं. आत्याबाई त्याला मासोळी म्हणायच्या.

कळस आमचं गाव. तिथं आमच्या रानात जुनी विहीर होती. पाटाचं पाणी आलं, ऊस करायचं ठरलं, तेव्हा मामंजींनी ती बुजवायला काढली. मोठे दीर, भिमाभावजी, त्याला तयार नव्हते. आदल्या रात्री बापलेकांचं मोठं भांडण झालं. "हीर बुजवली तर मी हितं ऱ्हायचो न्हाय, मुंबई गाठीन," असं ते म्हणाले. सकाळी उठून एकटेच विहिरीवर गेले. आमच्याकडची रीत अशी, की विहीर बुजवायच्या आधी तिच्यातले मासे काढून दुसऱ्या पाण्यात सोडायचे, त्याच दिवशी. पाण्याच्या जिवाला मातीखाली ठेवायचं नाही. दुपारी गडी मुरमाच्या गाड्या घेऊन पोचले तेव्हा काठावर घागर होती आणि घागरीत हा एक मासा. भावजी नव्हते. त्यांच्या वहाणाही कुठं दिसल्या नाहीत. मामंजी म्हणाले, "गेला तो. बोलल्याप्रमाणं गेला." विहीर बुजली.

घागर आत्याबाईंनी घरी आणली. मासा काही सोडला नाही. "त्यानं काढलाय, आला की त्योच सोडंल," म्हणाल्या. पुढे मामंजींचे डोळे अधू झाले आणि औषधासाठी दोघं आमच्याकडे बारामतीला आली, तेव्हा तो मासाही तांब्यात बसून आला.

चैत्रात एका सकाळी मी पेटीचं पाणी बदलायला गेले आणि काचेला अंडी चिकटलेली दिसली.

मोहरीहून थोडी मोठी, स्वच्छ, पाण्याच्या थेंबासारखी. कोपऱ्यात दाटीनं बसलेली. मी यांना हाक मारली. हे चष्मा लावून बराच वेळ वाकून बघत राहिले.

"गप्प्यांची नाहीत," म्हणाले. "गप्पी अंडी घालतच नाही. जिती पिल्लं देते."

"मग गोगलगाईची?"

"तिची चिकट गोळ्यात असतात. आणि बेडकाची काळी. ही माशाचीच."

उरला होता एकच मासा. तो अंड्यांपुढे परांनी पाणी हलवत उभा होता, जसं निजलेल्या लेकराला वारा घालावा.

"एकटी मादी पण अंडी टाकते कधी कधी," हे म्हणाले. "पण ती पोकळ. दोन दिवसांत पांढरी होतील, बुरशी धरेल. काढून टाक."

आत्याबाईंनी मला हात लावू दिला नाही. त्यांचा चेहरा फुलला होता. पेटीशी बसून त्या हळू आवाजात लेकासाठी ओवी म्हणत होत्या,

"मासोळी बाई, तुझ्या डोळ्याला न्हाई पापणी
वाट राघूची बघाया तूच माझी गं साजणी."

मामंजी खाटेवर पडून होते. त्यांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

अंडी पांढरी झाली नाहीत. आठवडा झाला, तशीच नितळ. मग त्यांच्या पोटात बारीक काळा ठिपका आला. हे म्हणाले, डोळे आले. ते खात्याच्या साहेबांना विचारून आले. साहेब हसले. म्हणाले, "सोपानराव, नर असल्याशिवाय डोळे येत नाहीत. घरात दुसरा मासा असणार, नीट बघा." आम्ही नीट बघितलं. दुसरा नव्हता.

त्याच सुमाराला पेटीच्या तळाशी तांबूस भुकटी दिसायला लागली. मी पाणी दुपदरी फडक्यातून गाळून घालत होते. तळ पुसून घ्यायचा, सकाळी पुन्हा पातळ थर. बोटात घेऊन चोळलं तर खरखरीत. आमच्या घराभोवती सगळी काळी माती, आणि हा मुरूम होता. तो अंड्यांवर बसायचा आणि मासोळी दिवसभर परांनी तो झाडत राहायची.

"झाकण घट्ट नसेल," हे म्हणाले.

"घट्ट हाय," आत्याबाई म्हणाल्या.

मी राजमहंमदला बोलावलं. त्यानं सांधे तपासले, काचेवर टिचकी मारली. मग तो अंड्यांपाशी वाकला आणि तसाच थांबला.

"वहिनी, ही सगळी एकाच बाजूला बघत्यात."

खरंच होतं. प्रत्येक अंड्यातला ठिपका एकाच अंगाला होता. पेटीतून खोलीकडे, खाटेकडे.

"उजेडाकडं बघत असतील," हे म्हणाले.

"उजेड खिडकीतनं येतोय," राजमहंमद म्हणाला. "खिडकी मागं हाय."

आम्ही तिघांनी पेटी उचलून फिरवली. आता डोळे भिंतीकडे झाले. हे समाधानानं म्हणाले, "बघ, जागचे हलत नाहीत." मी स्वयंपाकाला लागले. भाकरी झाल्यावर हात पुसत बाहेर आले, तर डोळे परत खाटेकडे होते.

मामंजींनी खाट ओट्यावर काढायला सांगितली. आत उकडतं म्हणाले. ओट्यावर ऊन होतं. संध्याकाळी मी पेटीपाशी गेले तेव्हा डोळे दाराकडे वळलेले होते.

यांना मी ते सांगितलं. रात्री त्यांनी पेटीवर घोंगडी टाकली.

आत्याबाईंनी मात्र याचा वेगळाच अर्थ लावला. "अंड्यात जीव आला. ही त्याची खूण हाय. माझा भिमा मुंबईत वाट बघतोय, कुनीतरी न्यायला या म्हन्तोय." त्यांनी राजमहंमदला गाठलं. तो काच आणायला मुंबईला जाणार होता. "मला संगं घिऊन चल. गिरणीगिरणीच्या दारात हुभी ऱ्हाते. आईला वळखंल का न्हाय?"

"काकू, मुंबई म्हंजे काय कळसचा बाजार हाय का?"

"मग तू हाईस कशाला? तुझ्या करिमानं मला पोळ्या बांधून दिल्यात, म्हनली घिऊन जावा तेन्ला. बायकूचं तरी ऐकशील का न्हाय?"

राजमहंमद हसला आणि कबूल झाला. यांनी समजावलं, मी समजावलं. आत्याबाईंना हाडांचं दुखणं होतं, जिना चढवत नव्हता. पण त्यांनी गाठोडं बांधलं. भिमाभावजींसाठी घडी न मोडलेलं एक धोतर त्यात ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या दौंडच्या छोट्या गाडीत बसणार होत्या, आणि तिथून पुढे मुंबईला. त्या जर गेल्या, तर रिकाम्या हातानं परत येणार नाहीत, कुठल्यातरी फुटपाथवर बसून राहतील, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

निघायच्या दिवशी दुपारी राजमहंमद टांगा घेऊन आला. आत्याबाई पेटीचा निरोप घ्यायला आत गेल्या. त्यांनी घोंगडी काढली.

पाणी गढूळ होतं. तळाशी मुरूम बोटाच्या पेरभर चढला होता. अंड्यांची खालची रांग त्यात बुडाली होती, वरची उघडी होती. मासोळी थकून एका कुशीवर झाली होती, तरी परांनी झाडत होती.

मुरमातून एक बुडबुडा वर आला. मग दुसरा.

आत्याबाई मला म्हणाल्या, "सिंधू, ह्यांना काढ गं. गुदमरत्यात."

मी बाह्या सरसावल्या. ओट्यावरून काठीचा आवाज आला. मामंजी दारात उभे होते. अधू डोळ्यांनी त्यांना पेटी दिसत नव्हती. पण अंड्यांतले उरलेले डोळे त्यांच्याकडे होते. ते एक पाऊल डावीकडे सरले. डोळेही सरले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. यांनीही पाहिलं.

"प्रयागे," मामंजी म्हणाले. "मुंबईला जाऊ नगंस."

"का?"

"तितं कुनी न्हाय."

आत्याबाईंचा हात पेटीच्या काठावर होता. तो तसाच राहिला.

"कुनी म्हंजे?"

मामंजी चौकटीला टेकून खाली बसले. राजमहंमदनं त्यांना धरलं. बाहेर टांग्याचा घोडा खूर आपटत होता.

"हीर बुजवायच्या आदी धन्यानं आत हाक मारायची असती. रीत हाय. मागनं कुनी म्हनू नये, की बघितलं न्हाय." ओठ कोरडे झाले होते. मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही. "मी काठावर गेलो. डोस्क्यात राग हुता. गडी लांब, गाडीपाशी. खाली अंधार हुता, आन् कपारीत दुसरा मासा ऱ्हायला हुता म्हनून त्यो..."

"आबा," हे म्हणाले. "पुरं."

"न्हाय. बोलू दे. मी हाक मारली, आतनं आवाज आला. मनाला म्हनलं, हिरीत आवाज फिरतुया. गड्यांना म्हनलं, टाका."

आत्याबाई त्यांच्याकडे बघत होत्या. पापणी हलत नव्हती.

"आन् मग?" त्यांनी विचारलं.

"मी 'कोन हाय का' म्हनलो हुतो, प्रयागे," मामंजी म्हणाले. "आतनं 'आबा' आलं."