बदलीवरचा लाइटवाला

त्या दुपारी मी भर स्टेजवर गप्प उभी राहिले, आणि त्याचं खापर मी अजूनही मालिकेवर फोडते.

मालिकेत मी दुसरीचा नवरा पळवणारी. दुकानात बायका मला थांबवून झापतात, "लाज वाटत नाही का गं, त्या बिचारीला छळायला?" मालिकेत एखादं जहरी वाक्य टाकलं की मान वळवायची, भुवई उचलायची आणि थांबायचं... मग कॅमेरा सावकाश चेहऱ्यापर्यंत येतो. ही सवय इतकी अंगात मुरलेली की नाटकाच्या पहिल्याच प्रयोगात मी वाक्य टाकलं, मान वळवली आणि थांबले. कॅमेरा कुठला यायला! समोर भरलेलं सभागृह, शेजारी नाटकातला नवरा, ही वाक्य विसरली म्हणून पांढराफटक पडलेला. विंगेतून कुणीतरी माझं पुढचं वाक्य कुजबुजत होतं.

तेवढ्यात बाकीचा रंगमंच हळूहळू काळोखात गेला. उजेड आखडत आखडत फक्त माझ्या चेहऱ्यावर येऊन थांबला. गालांना त्याची ऊब लागली. लोकांना वाटलं, हे असंच बसवलंय. टाळ्या पडल्या!

प्रयोग संपल्यावर मी मेकअपसकट लाइटच्या खोलीकडे धावले. तिथे एक अनोळखी माणूस शांतपणे केळं खात बसला होता.

"ते... तुम्ही केलंत?"

"हो. नेहमीच्या लाइटवाल्यांची कंबर धरलीय. मी बदलीवर आलोय." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही क्लोजअपची वाट बघत होतात. इथे कॅमेरा नाही – म्हटलं, आपणच जरा जवळ जावं."

आणि हा माणूस साल टाकायला टोपली शोधू लागला!

पुढे दिग्दर्शकांनी ती जागा तशीच ठेवली. मी दर प्रयोगाला तिथे थांबायचे, आणि उजेड यायचा. त्या उबेची मी वाट बघायला लागलेय, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

"आज तुमचा उजवा गाल रुसला होता," तो एकदा म्हणाला.

"कुणावर?"

"दिव्यावर. तुम्ही कधी बघतच नाही त्याच्याकडे."

"बघितलं की डोळे दिपतात हो."

"दिव्यामागे माणूस असतो. त्याच्याकडे बघायचं."

मी त्या दिवशी घरी गुणगुणत गेले. आईने भाजी चिरता चिरता मान वर केली. "मालिकावाल्यांनी तुझी चार लग्नं लावली. खऱ्या आयुष्यात आहे का कोणी?"

"कोणी नाही गं."

"बरं," आई म्हणाली आणि गालातल्या गालात हसली. तिच्यासमोर माझा अभिनय नेहमीच पडतो.

मग कळलं, नेहमीचे लाइटवाले बरे झालेत. शनिवारचा प्रयोग बदलीवाल्याचा शेवटचा. दिव्याची काच पुसता पुसता त्यानेच सांगितलं.

"मग तुम्ही कुठे जाणार?"

"ज्याची कंबर धरेल त्याच्याकडे."

मी हसले खरी. पण जीव कासावीस झाला. आता बोलले नाही, तर हा माणूस कुठल्यातरी दुसऱ्या नाटकाच्या अंधारात जाऊन बसणार होता.

शनिवारी सकाळी शूटिंग होतं. नायकाच्या गळ्यात पडून मी "तुझ्याशिवाय जगू शकत नाही" म्हटलं, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि पहिल्याच टेकला ओके! खोट्या प्रेमात माझा हात धरणारं कोणी नाही. तिथून थिएटरकडे जाताना मात्र गाडीत मी खरं वाक्य जुळवत बसले. कसंही म्हणा, मालिकेतलंच वाटायचं. ड्रायव्हरकाकांनी आरशातून पाहिलं. "ताई, आजचा सीन अवघड दिसतोय."

"फार अवघड आहे, काका."

प्रयोग झाला. सभागृह रिकामं झालं. तो स्टेजवर वायर गुंडाळत होता. मी तोंड धुऊन, ओल्या केसांनी समोर जाऊन उभी राहिले.

"मला... म्हणजे तुम्ही..." आवाज चिरकला. "मला तुम्ही आवडता. खूप. जाऊ नका ना."

त्याचे हात थांबले. "हे... कुठल्या मालिकेतलं?" त्याने अगदी हळू विचारलं.

मला रडूच फुटलं, नाक लाल करणारं. "कुठल्याच नाही! लेखकाने लिहिलं असतं तर जरा बरं नसतं का लिहिलं?"

तो वायर खाली ठेवून म्हणाला, "काल मी फळं घेऊन गेलो होतो. नेहमीच्या लाइटवाल्यांकडे. म्हटलं, दादा, अजून थोडे दिवस झोपून राहाल का?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आधी तिला विचार. नाही म्हणाली तर मी रविवारपासून येतो." तो ओशाळला. "मी सकाळपासून विचारायचा धीर गोळा करतोय..."

"मग कळव त्यांना," मी नाक पुसत म्हणाले, "सावकाश बरे व्हा म्हणावं."

मी त्याला 'तू' म्हटलं होतं. त्याने ते ऐकलं आणि माझा ओला हात हातात घेतला. नाक वाहत होतं, केस विस्कटलेले होते, आणि आपण कशा दिसतोय याचा मला पत्ताच नव्हता.