शुक्रवारचा मेसेज

"ती नोकरी घेऊ नका," तो म्हणाला. ओळख ना पाळख!

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ईस्टबर्न गावातल्या वाऱ्यानं माझी छत्री उलटी केली, म्हणून मी समुद्रासमोरच्या काचेच्या आडोशात शिरले होते. तिथल्या बाकावर हा गृहस्थ व्हिनेगर शिंपडलेले गरम चिप्स खात बसलेला.

"कुठली नोकरी?"

"कोपऱ्यावरच्या शाळेतली. परदेशी मुलांना इंग्रजी शिकवायची. मुलाखतीला आलात ना? शर्टाला इस्त्री आहे. आमच्यात एरवी कुणी करत नाही."

"म्हणजे तुम्ही तिथेच शिकवता?"

"एमरिस प्रॉसर. सकाळचा वर्ग."

"टॅम्सिन. आणि सल्ला मी मागितला नव्हता."

"फुकट आहे, ऐकून तर घ्या." डोळे मात्र हसत होते... भुरे, पावसाळी. "तासाचा दर छान दिसतो ना? विचारा, सुट्टीचा पगार त्यातच धरलाय का. घरी बसून धड्याची तयारी करायची, त्याचं काय? आणि शेवटी विचारा - आठवड्याला किती तास पक्के? मुख्याध्यापिका हेस्केथबाई हसायच्या थांबल्या, की समजा उत्तर मिळालं."

"तुमचे किती पक्के?"

"एकही नाही. दर शुक्रवारी दुपारी मेसेज येतो, पुढच्या आठवड्यात किती तास ते. हिवाळ्यात विद्यार्थी कमी. शुक्रवारी माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

मला हे नवीन थोडंच होतं? उन्हाळ्यात एक गाव, हिवाळ्यात दुसरं. परक्या घरातली खोली, फ्रिजमधला एक कप्पा. दिवसभर वर्गात बडबड करायची आणि संध्याकाळी दुकानात "पिशवी नको" एवढंच बोलायचं. त्यानं चिप्सचा पुडा माझ्यापुढे धरला आणि मला चक्क रडू आलं.

"व्हिनेगर... डोळ्यात गेलं," मी म्हणाले.

"हो, फार उडतं ते," तो गंभीरपणे म्हणाला.

हेस्केथबाईंना मी सगळं विचारलं. सुट्टीचा पगार दरातच होता. तयारी म्हणे आवडीनं करायची असते! पक्क्या तासांवर त्या खरंच हसायच्या थांबल्या. मग टेबलावर पेन टकटक वाजवत म्हणाल्या, "तुमच्यासारखी अनुभवी बाई सोडवत नाही. सकाळचा वर्ग देते. वर्षभर, लेखी. सध्या तो प्रॉसर घेतात, पण त्यांच्याशी आमचा तसा काही करार नाही."

वर्षभर! लेखी! मला असं कधी कुणी देऊ केलं नव्हतं. स्वतःची खोली, स्वतःची किल्ली, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर आलं. मी कशी कोण जाणे, "नको" म्हणाले आणि बाहेर पडले.

तो आडोशातच होता. पुड्याच्या तळाशी चार चिप्स ठेवून.

"थांबल्या हसायच्या?"

"थांबल्या. मग पक्का वर्ग देऊ केला."

"अरे वा! कुठला?"

"तुझा."

त्यानं पुडा बाकावर ठेवला.

"घे," तो हळूच म्हणाला. "कुणाला तरी मिळू दे."

"नको म्हणून आले."

"वेडी आहेस का तू?"

"आहे! मी इथे राहायचं आणि तू निघून जायचं... मग या गावात मी बोलायचं कुणाशी? सीगलांशी? मला नोकरी हवी होती रे, फार हवी होती. पण त्याहून जास्त मला कुणीतरी हवं होतं."

तो माझी मोडकी छत्री घेऊन एकेक काडी सरळ करत राहिला. स्टेशनपर्यंत तीच आम्ही दोघांनी धरली. फलाटावर एकमेकांचे फोन नंबर घेतले. गाडी सुटली तेव्हा तो फलाटावर भिजत उभा होता.

ऑक्सफर्डला परतले. पुन्हा तीच खोली, तोच कप्पा. शुक्रवारी दुपारी माझ्या शाळेचा मेसेज आला : तास कमी. मला एमरिस दिसला, जेवणाच्या ताटासमोर फोन धरून बसलेला. मी लिहिलं :

"पुढच्या आठवड्याचे तास : शनिवार, अख्खी दुपार. काचेचा आडोसा. पक्के."

उत्तर येईना. मी फोन पालथा ठेवला, पुन्हा उलटला.

"सुट्टी त्यातच धरली आहे का?"

"सुट्टी नाहीच."

"बरं... मग आज जेवतो."