मौनींची खाण

माझी बहीण गुरुबाई हिची मुलगी पाळण्यात घातली, ते १९५१ साल. बारशाच्या पंगती उठायच्या आतच गुरुबाईला खोकल्यातून रक्त पडलं. बसवकल्याणच्या डॉक्टरांनी मिरजेला न्यायला सांगितलं. तिचा नवरा अमृतप्पा कोहिनूर गावच्या बाजारात तेल विकायचा. मिरजेचा दवाखाना त्याच्या ऐपतीबाहेरचा होता. तरी जाताना तिला सोलापुरात नव्या चपला घ्यायच्या म्हणून त्यानं तिच्या पावलाचं माप सुतळीवर घेतलं होतं. ती सुतळी कायम कमरेला खोचलेली असे.

त्या दिवसांत अच्युतराव मास्तर भेटेल त्याला सांगायचे, हट्टी गावच्या खाणीतली सोन्याची शीर आमच्या गावामागच्या टेकडीखाली येते. ती खाण मौनी नावाच्या गुप्त मंडळीनं बुजवली. मंडळी अजून आहे, आपल्यातच वावरते. टेकडीतल्या भुयारात खड्डे आहेत. ज्याच्या पावलाच्या मापाचा खड्डा रिकामा असेल, त्याला ती आपला मानते आणि सोनं दाखवते.

"दाजी, मास्तराचं काय ऐकायलात? सोनं घावलं असतं तर ते शाळेत कामून गेले असते?"

"तुझी बहीण मरायलीय," अमृतप्पा म्हणाला. "माझ्यापाशी दुसरं काय हाय, ते सांग."

मी कंदील घेतला.

भरदुपारी आत शिरलो. तांबडा जांभा दगड, हात लावला की ओलसर. भिंतीच्या कडेनं चौकोनी खड्डे, सगळे मातीनं भरलेले, वर विभूतीचे पट्टे. आमच्यात मेलेल्याला बसवून पुरतात, आणि खड्डा त्याच्याच पावलानं, पावलाला पाऊल लावत, मापतात. आम्ही लहानपणापासून ते बघत आलो होतो. सोन्याच्या नादात दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

शेवटचा खड्डा रिकामा होता. बाजूची माती ओली होती. अमृतप्पानं पाऊल लावून मापलं. त्याचं पाऊल मोठं ठरलं. माझंही तसंच. मग त्यानं कमरेची सुतळी काढली आणि काठाकाठानं लावत गेला.

चारही बाजूंना नेमकी बसली.

"दाजी, चला."

तो हलला नाही. मग खड्ड्यात उतरला आणि मांडी घालून बसला. जागा अरुंद होती, गुडघे मावत नव्हते.

"तिला सोडा," तो अंधाराला म्हणाला. "मी हाय."

 आतल्या बाजूनं, पुष्कळ माणसांनी एकदम श्वास सोडावा तसा कोमट वारा आला.

मी त्याला ओढून काढलं. तेव्हा खड्डा त्याला सैल होत होता.

वाटेत त्याच्या चपला पायातून गळायला लागल्या. शेवटी त्यानं त्या हातात घेतल्या.

घरी गुरुबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. खोकला नव्हता. "सोनं कुठंय?" ती हसून म्हणाली. "का मौनींनी जीभच ठेवून घेतली?"

 अमृतप्पानं पाय धोतराखाली ओढून घेतले.

दिवाळीपर्यंत ती अंगानं भरली. तो मात्र अंथरुणाला खिळला.

त्याला पुरायच्या वेळी विधीला आलेल्या शिवय्या स्वामींनी माप घ्यायला त्याच्या पायांवरचं धोतर बाजूला केलं. 

"अप्पा, हे पाऊल कुणाचं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

मी गुरुबाईकडे पाहिलं नाही. त्याच पावलानं मापा, म्हणालो.

अमृतप्पा त्याच सालच्या मार्गशीर्षात, सोमवारी सकाळी वारला.